फड, चीक आणि सबुरी

जळगाव-धुळ्याच्या नर्सऱ्यांत अलीकडे एक ट्रे हमखास दिसतो. मुठीत मावतील एवढ्या कुंड्या, त्यांत जाड पानांची, गुबगुबीत, कुठे निळसर तर कुठे लालसर कडांची झाडं. नाव विचारलं की उत्तर मिळतं, ‘सक्युलंट आहे, पाणी लागत नाही.’ शेजारच्या कुंडीचं विचारलं तरी तेच. दक्षिण आफ्रिकेत झुडपांच्या सावलीला वाढणारी हॅवर्थिया, मेक्सिकोच्या डोंगरांतली एचेव्हेरिया, मादागास्करची कलांचो, सगळ्यांना मिळून एकच शब्द. घरी आणल्यावर मग सगळ्यांना एकच जागा आणि एकच पाणी मिळतं, आणि श्रावण संपेपर्यंत त्यांतली कितीतरी बुडापासून मऊ पडून जातात.

‘सक्युलंट’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘सुकुस’ आहे. सुकुस म्हणजे रस. आपल्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांनी याच झाडांना ‘मांसल’ म्हटलं. एकाला पानातला रस दिसला, दुसऱ्याला गर. दोन्ही शब्द खरे आहेत, पण पान मोडल्यावर काय दिसतं तेवढंच ते सांगतात. झाड कशावर जगतं आणि कशानं मरतं, ते त्यांत नाही. ते सांगणारी नावं आपल्याकडे आहेत. ज्यांनी ती ठेवली त्यांनी या झाडांच्या सोबतीनं दुष्काळ काढले होते, जनावरं राखली होती, जखमा बांधल्या होत्या. ही नावं नीट उलगडली तर कुंडीतलं झाड कसं सांभाळावं हेही त्यांतून कळतं, असं मला मनापासून वाटतं.

शब्दाचं मूळ खणून काढण्याची ओढ खानदेशाला नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी अखेरचे दिवस धुळ्यात काढले आणि १९२६ सालच्या शेवटच्या दिवशी तिथेच देह ठेवला. लगेच १९२७ साली धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांचा धातुकोश आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश हे दोन्ही ग्रंथ त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले. त्यांच्या सगळ्याच व्युत्पत्ती आज टिकतील असं नाही. पण खेड्यातल्या माणसाच्या तोंडचा साधा शब्द ताम्रपटाइतकाच मोलाचा पुरावा आहे, हा त्यांचा विश्वास मला फार मोठा वाटतो. त्याच विश्वासानं आधी निवडुंगाकडे जाऊ.

आज निवडुंग म्हटलं की डोळ्यांसमोर येतात एकावर एक चढलेल्या चपट्या, काटेरी फडी. ते झाड मात्र इथलं नव्हे. कॅक्टसचं जवळजवळ सगळं कुळ अमेरिकेचं. आपल्याकडे आधीपासून होते ते युफोर्बिया कुळातले काटेरी, चिकाचे वृक्ष आणि झुडपं, आणि निवडुंग हे नाव मुळात त्यांचं. नावाची घडणच तसं सांगते. नव्यानं आलेल्या झाडाला लोकांनी जुनंच नाव दिलं, पण ओळख पटावी म्हणून पुढे विशेषण जोडलं: ‘फड्या’ निवडुंग. तीनधारी निवडुंग वेगळा, वई म्हणजे कुंपणाला लावतात तो निवडुंग वेगळा, आणि हा फड्या. पुण्याच्या नाना पेठेतल्या विठोबालाही निवडुंग्या विठोबा म्हणतात, कारण मूर्ती निवडुंगाच्या दाटीत सापडली असं सांगतात.

परदेशी साहेबांची नावं वनस्पतींना चिकटलेली आपण बघतो, पण उलटही घडलं आहे. सतराव्या शतकात कोचीनचा डच अधिकारी हेंद्रिक व्हान ऱ्हीड यानं मलबारच्या वनस्पतींचा ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला. १६७८ ते १६९३ या काळात तो आम्स्टरडॅमला छापला गेला. त्या कामात रंगभट्ट, विनायक पंडित आणि आपुभट्ट हे तीन कोंकणी वैद्य होते. त्यांचं देवनागरीतलं प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलेलं आहे. या ग्रंथातून मलयाळम ‘तिरुकळ्ळि’ हे नाव लिनियसनं उचललं आणि आपल्या शेराचं शास्त्रीय नाव युफोर्बिया तिरुकल्ली झालं. तिरु म्हणजे श्री, मंगल. त्याच ग्रंथावर पुढे फ्रान्सिस बुकानन-हॅमिल्टननं टिपणं लिहिली आणि आपल्याकडच्या एका मोठ्या निवडुंगाला युफोर्बिया निवुलिया म्हटलं. कोकण-गोव्यात या झाडांना निवल, निवलकांटी म्हणतात. निवुलिया, निवल आणि निवडुंग ही माझ्या कानाला एकाच घरातली भावंडं वाटतात.

‘कॅक्टस’ या शब्दाची गोष्ट याहून चमत्कारिक. ग्रीक ‘काक्तोस’ हे सिसिली बेटावरच्या एका काटेरी भाजीचं नाव होतं. थिओफ्रास्टसनं ते नोंदलं. दोन हजार वर्षांनी लिनियसनं ते उचलून अमेरिकेतल्या झाडांवर ठेवलं. म्हणजे ग्रीकांचा काक्तोस कॅक्टस नव्हता आणि आपला पहिला निवडुंगही कॅक्टस नव्हता. काटे बघून नाव द्यायची माणसाची सवय सगळीकडे सारखीच.

मग कुंडीत आहे ते काय, हे ओळखायचं कसं? याचं उत्तर अमरकोशात आहे. तिथे निवडुंगाला वज्र, स्नुही आणि ‘समंतदुग्धा’ असे शब्द दिलेले आहेत. समंतदुग्धा म्हणजे जिच्या सर्वांगात दूध आहे ती. कुठेही टोचा, पांढरा चीक येणारच. कॅक्टसला जखम झाली तर सहसा पाण्यासारखा रस येतो, युफोर्बियाला झाली तर दूध. नर्सरीत ‘कॅक्टस’ म्हणून घेतलेल्या झाडातून पांढरा चीक आला तर तो आपल्या निवडुंगाचा आणि शेराचा भाऊबंद समजावा, आणि छाटताना हात जपावा. हा चीक कातडीला भाजतो, आणि डोळ्यांत गेला तर नजरेवर बेतू शकतं. शेताच्या बांधावर शेर लावणाऱ्या आपल्या मागच्या पिढ्यांनी पोरांना सगळ्यात आधी हेच बजावलेलं असायचं. लहान मूल असलेल्या घरात अशी कुंडी खिडकीच्या वरच्या फळीवरच बरी.

चिकाचं हे कुळ युरोपात गेलं ते एका वैद्याच्या नावानं. मॉरेतानियाचा राजा युबा दुसरा याचा वैद्य होता युफोर्बस. राजाला एक औषधी झाड सापडलं आणि त्यानं त्याला वैद्याचं नाव दिलं, असं प्लिनी सांगतो.

फड्या निवडुंगाच्या येण्यामागे रंगाचा धंदा होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीनं किरमिजी रंग देणारे किडे हिंदुस्थानात पोसता येतात का ते बघितलं. हे किडे फड्यावरच वाढतात. ‘किरमिजी’ हा आपला शब्दही किड्याचाच आहे. अरबी किर्मिझ, त्याच्यामागे फारसी ‘किर्म’, आणि हा किर्म म्हणजे आपल्या ‘कृमी’चा सख्खा भाऊ. इंग्रजीतला क्रिम्झनही त्याच घरचा. रंगाचा धंदा फार चालला नाही, पण निवडुंग माळरानं व्यापत सुटला. शेवटी १९२६ नंतर दक्षिणेत त्याला आवर घातला तो त्याच जातीच्या दुसऱ्या एका किड्यानं. आजही घरच्या कॅक्टसवर कापसाच्या बोंडातून सुटल्यासारखे पांढरे पुंजके दिसतात तेव्हा ते याच किड्यांचे चुलतभाऊ असतात. स्पिरिटात बुडवलेल्या बोळ्यानं ते पुसून काढावेत.

आता ‘फड’. नागानं फणा काढला म्हणतात तसंच फडा काढला असंही म्हणतात. संस्कृतात फणा आणि फटा दोन्ही आहेत. चपट्या, वर उभारलेल्या त्या काटेरी खोडात मराठी माणसाला नागाचा फडा दिसला, आणि हिंदी माणसालाही तेच दिसलं. त्यांनी त्याचं नाव नागफनी ठेवलं. कचेऱ्यांच्या कोपऱ्यात आणि बैठकीच्या खोलीत आज दिसणारं उभ्या तलवारी पानांचं ‘स्नेक प्लांट’ आफ्रिकेतून आलेलं आहे, पण त्याचा देशी भाऊ आपल्याकडे पूर्वीपासून आहे. त्याला मराठीत घोणसफण म्हणतात. नुसता साप म्हणून भागवलं नाही, पानावरचे पट्टे घोणशीच्या अंगासारखे आहेत हेही पाहिलं! याच झाडाला मूर्वा मानतात. मूर्वेच्या चिवट वाखाची धनुष्याची दोरी होत असे, म्हणून दोरीचं नाव मौर्वी, आणि मनुस्मृतीत क्षत्रिय बटूची मेखला मौर्वीची सांगितली आहे. ज्या पानात एवढा वाख आहे ते पान महिना-महिना पाण्यावाचून उभं राहिलं तर नवल नाही. घरात कमी उजेड असेल आणि गावाला वारंवार जावं लागत असेल तर नवख्या माणसानं पहिलं झाड हेच घ्यावं.

आणि कोरफड? इथेही फड आहेच. पण ‘कोर’ कुठली? कोर म्हणजे कड, आणि कडेला दाते असलेली फड ती कोरफड, असं सहज सुचतं. मला मात्र शेजाऱ्यांकडे बघून दुसरं सुचतं. संस्कृतात कोरफडीला कुमारी, घृतकुमारी म्हणतात. पान खुडून ठेवलं तरी लवकर न सुकणारी, सदा ताजी, म्हणून कुमारी. हिंदीत तिचं घीकुंवार आणि ग्वारपाठा झालं, गुजरातीत कुंवारपाठुं. यांत ‘पाठा’ म्हणजे जाड पान. ‘कुंवार’ आणि ‘पाठा’ यांच्याशेजारी ‘कोर’ आणि ‘फड’ ठेवून बघा. आधीचं पद कुमारीचं, नंतरचं पानाचं, घडण तीच. गुजराती आणि मारवाडी बोलणारी घरं जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे हे दोन्ही शब्द एकाच दुकानात कानावर पडतात.

कोरफडीचा रस आटवून काळा बोळ करतात. तो बाळगुटीच्या डब्यातला म्हणून घरोघरी ठाऊक आहे. दृष्ट लागू नये म्हणून दाराच्या चौकटीला कोरफड उलटी टांगायची रीतही आपल्याकडे आहे. माती नाही, पाणी नाही, मुळं वर, तरी ती महिनोन्‌महिने हिरवी राहते. हीच रीत कैरोतही होती. एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकानं १८३६ सालच्या आपल्या पुस्तकात तिथल्या दारांवरची कोरफड वर्णिली आहे. नव्या घराच्या दारावर ती मुद्दाम टांगत, आणि तिच्या दीर्घायुष्यासारखं आयुष्य घरातल्यांना लाभावं असा भाव असे. तिला अरबीत शब्द आहे ‘सब्र’. सब्र म्हणजे धीर. स-ब-र या एकाच धातूतून कोरफडीचं नाव, धीराचं नाव, आणि निवडुंगाचं ‘सब्बार’ हे नावही आलं. हा धातू फारसीतून आपल्याकडे ‘सबूर’ आणि ‘सबुरी’ होऊन पोचला. शिर्डीला हात जोडताना आपण जी सबुरी म्हणतो ती आणि कैरोच्या दारावरची कोरफड, दोघींचं मूळ एक आहे, हे कळलं तेव्हा मला विलक्षण आनंद झाला होता.

आणि या झाडांची सगळी निगा त्या एका शब्दात आहे. ती मरतात ती तहानेनं नव्हे, आपल्या घाईनं. माती वरून कोरडी दिसली की पाणी घालायचं नाही. बोट किंवा काडी बुडापर्यंत खुपसायची, ती कोरडी बाहेर आली तरच घालायचं, आणि घालताना मात्र तळाच्या भोकातून पाणी वाहीपर्यंत घालायचं. मग पुन्हा थांबायचं. रोज चमचाभर पाणी देणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण वरची मुळं कायम ओली राहतात आणि तळापर्यंत पाणी कधी पोचतच नाही.

खानदेशात मातीकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. तापी-गिरणेच्या काठची काळी कसदार माती कापसाला आणि केळीला सोनं आहे, पण कुंडीत ती या झाडांचा घात करते. ती पाणी धरून ठेवते, आणि वाळली की आक्रसून भेगाळते आणि मुळं तुटतात. त्यापेक्षा टेकडीचा बारीक मुरूम आणि भरड वाळू मिळून दोन वाटे, आणि माती व चांगलं कुजलेलं शेणखत मिळून एक वाटा घ्यावा. कुंडी मातीची, भाजलेली, बिनरंगाची असावी. तिच्या अंगातूनही ओल निघून जाते. बोअरचं पाणी जड असेल तर मातीवर पांढरा क्षार साचतो. पावसाचं पाणी साठवून दिलं तर झाडाचा रंग खुलतो.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा दुपारच्या उन्हातून या कुंड्या आत घ्याव्यात. वाळवंटातली झाडं म्हणून त्यांना तापलेल्या गच्चीवर सोडू नये. मोठी झाडं कुंपणात टिकतात, कारण त्यांची मुळं खोल गारव्यात असतात. तीन इंची कुंडी उन्हात आरपार तापते. पण खरा धोका उन्हाळ्याचा नाही, पावसाळ्याचा आहे. मृगाची पहिली सर आली की कुंड्या पत्र्याखाली किंवा वळचणीच्या आत घ्याव्यात आणि हवा खेळती ठेवावी. हिवाळ्यात, धुळ्याकडे रात्री चांगल्याच गार पडतात तेव्हा, पाणी आणखी कमी.

छपराचा विषय निघाला म्हणून ‘वज्रा’कडे परत येतो. निवडुंगाला वज्र, वज्री, वज्रद्रुम अशी नावं का? टणक आहे म्हणून, काटे आहेत म्हणून, असं म्हणता येतं. पण देशाच्या अनेक भागांत अशी समजूत आहे की घराच्या माथ्यावर निवडुंग असला तर वीज पडत नाही, आणि लोक त्याची कुंडी छपरावर ठेवतात. खानदेशातली जुनी घरं धाब्याची. लाकडी सरांवर मातीचा जाड थर देऊन केलेलं सपाट छप्पर म्हणजे धाबं. तिथे उन्हाळ्यात झोपायचं, तिथेच मिरच्या आणि पापड वाळवायचे. अशा माथ्यावर निवडुंगाची कुंडी सहज राहते.

आता युरोप बघा. तिथे सेम्परव्हिव्हम नावाचं छोटं, गुलाबाच्या फुलासारख्या रचनेचं मांसल झाड आहे. नावाचा अर्थ ‘नित्यजीवी’. फ्रँक सम्राट शार्लमेनच्या काळातल्या फर्मानात माळ्यानं आपल्या घरावर ‘जोव्हिस बार्बा’ लावावी असा उल्लेख आहे. जोव्हिस बार्बा म्हणजे ज्युपिटरची दाढी, आणि ती हीच वनस्पती. ज्युपिटर म्हणजे त्यांचा विजेचा देव. घरावर लावली की वीज पडत नाही अशी समजूत. आपल्याकडे इंद्राचं वज्र, तिकडे ज्युपिटरची दाढी. झाडं वेगळी, कुळं वेगळी, खंड वेगळे. दोन्ही झाडं उघड्या छपरावर, वीतभर मातीत, पाण्यावाचून जगतात. ज्या जागी दुसरं काही तगत नाही तिथे हे तगतं, तेव्हा आभाळातल्या सगळ्यात मोठ्या भयाशीही याचं काही सख्य असलं पाहिजे, असा तो तर्क असावा. त्या तर्कात वेड्यासारखं काही नाही. बघण्यातून तो आला आहे. सेम्परव्हिव्हम मात्र थंड डोंगरांची वनस्पती आहे. आपल्या उन्हाळ्यात ती फार हाल सोसते, म्हणून मी ती इथे लावा असं म्हणणार नाही.

गुजरातच्या हद्दीकडे निवडुंगाला ‘थोर’ म्हणतात. हा हिंदीतल्या ‘थूहर’चा भाऊ, मराठीतल्या मोठ्या अर्थाच्या थोरशी त्याचं नातं नाही. गंमत अशी की ज्या झाडाच्या नावाचा अर्थ खरोखर थोर असा होतो ते दुसरंच आहे. घायपाताचं शास्त्रीय नाव अगेव्ह, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘थोर, कीर्तिमान’. घायपाताच्या छोट्या जाती आता कुंडीत मिळतात. पण पानाच्या टोकाचा काटा बघितला की मराठी नावच जास्त खरं वाटतं.

पानफुटी हा शब्द मला फार प्रिय आहे. पान फुटतं ती पानफुटी. फांदी नको, बी नको, पान मातीवर टाकलं की त्याच्या कडेच्या खाचांतून रोपं उगवतात. तिचं शास्त्रीय नाव ब्रायोफायलम, ग्रीकमध्ये ‘ब्रुएइन’ म्हणजे फुटणं, उमलणं आणि ‘फुल्लोन’ म्हणजे पान. म्हणजे अक्षरशः पानफुटी. दोन लोकांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट बघितली. मुंबई इलाख्यातल्या औषधी वनस्पतींच्या जुन्या पुस्तकांत याच झाडाचं ‘अहिरावण-महिरावण’ हेही नाव नोंदलेलं आहे. कथेतले अहिरावण-महिरावण मारले तरी पुन्हा उठतात. हे झाडही तोडून टाकलं तरी पडल्या पानातून उठतं. नाव ठेवणाऱ्याला रामकथाही ठाऊक होती आणि झाडही.

याच पानफुटीनं विज्ञानाला एक मोठं गुपित सांगितलं, आणि तेही हिंदुस्थानात. मद्रास इलाख्यात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिज्ञानं पानफुटीचं पान दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चाखून बघितलं. सकाळी ते चुक्यासारखं आंबट लागलं, दुपारी बेचव, संध्याकाळकडे कडवट. १८१३ सालच्या त्याच्या पत्रातली ही नोंद १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीनं छापली. पुढे कारण कळलं. ही झाडं दिवसा उन्हात पानांची रंध्रं मिटून घेतात, म्हणजे पाणी उडून जात नाही. रात्री गारव्यात रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा ते आम्ल वापरून अन्न तयार करतात. म्हणून सकाळी आंबट. या पद्धतीला क्रॅसुला कुळाचं नाव मिळालं, आणि क्रॅसुला म्हणजे लॅटिनमध्ये ‘क्रासुस’, जाड. आज मात्र कुणी पान चाखून बघू नये. पानफुटीच्या कुळात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात आणि गुरंही त्यानं दगावतात. रात्री श्वास घेणारं झाड आहे, म्हणून रात्री गारवा लागेल अशा खिडकीत ते ठेवावं, एवढं त्या पत्रातून घ्यावं.

क्रॅसुलाचीच एक जात नर्सरीत ‘जेड’ म्हणून मिळते. गोल, चकचकीत, जाड पानं, छोट्या वृक्षासारखी ठेवण. जेड हा हिरवा दगड. स्पॅनिश लोक त्याला ‘पिएद्रा दे इखादा’ म्हणत, म्हणजे कुशीचा दगड, कारण तो कुशीतल्या कळांवर धरत. फ्रेंचांनी शब्द मोडून जेड केला. पोटदुखीवरचा दगड घरातल्या झाडाचं नाव झाला.

छोट्या, निराळ्या झाडांची हौस असलेल्यानं ज्यांच्याकडे बघावंच अशी दोन झाडं आपल्या महाराष्ट्रातली आहेत. एक माकडशिंग. खडकाळ माळावर गवतात लपलेली, बोटाएवढ्या जाड, चौकोनी, बिनपानांच्या कांड्यांची वनस्पती. फळं जोडीनं, उभी, टोकदार येतात. म्हणून शिंग. पण गुजरातीत शेंगेलाही शिंगच म्हणतात, आणि खानदेशच्या बाजारात भाजलेल्या शेंगदाण्याला ‘सिंग’ म्हणणारे भेटतात, त्यामुळे हे माकडाचं शिंग की माकडाची शेंग, असा प्रश्न मला पडतो. रानातल्या, माणसाच्या नसलेल्या गोष्टीला माकडाची म्हणायची रीत आहेच. माकडलिंबूही तसंच. माकडशिंगाचं शास्त्रीय नाव काराल्लुमा, आणि तेही आपल्याच देशातलं. विल्यम रॉक्सबर्गनं कोरोमंडल किनाऱ्यावर ऐकलेलं तेलुगू नाव ‘कार-अल्लम’ नोंदलं, १८१० साली रॉबर्ट ब्राऊननं त्यावरून वंशाचं नाव केलं. आता परदेशी संग्राहक त्याच नावानं आपली झाडं मागवतात.

दुसरी शिंदळमाकुडी. जुन्नर, पुरंदर, महाबळेश्वर अशा भागांतल्या कड्यांवर ती वाढते आणि महाराष्ट्राबाहेर रानात कुठेही मिळत नाही. निकोल डाल्झेलनं १८६५ साली तिला मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून फ्रेरिया इंडिका म्हटलं. तिच्या कुळातल्या बहुतेक झाडांना नावापुरतीच पानं, पण हिला खरी मांसल पानं आहेत, आणि लालसर ताऱ्यासारखं फूल. साहेबानं दिलेलं नाव कागदावर बदलत राहिलं, आधी बौसेरोसिया, मग सेरोपेजिया. कड्यावर गुरं चारणाऱ्यांच्या तोंडी शिंदळमाकुडी तशीच राहिली. ही दोन्ही झाडं रानातून उपटून आणू नयेत, हे मी अगदी आग्रहानं सांगेन. हवीच असतील तर बी किंवा कांडीपासून वाढवलेली, खात्रीच्या रोपवाटिकेतली घ्यावीत.

माणसांच्या नावांवरची झाडं तशी पुष्कळ. हॅवर्थिया इंग्रज अभ्यासक एड्रियन हॅवर्थचं नाव मिरवते, एचेव्हेरिया मेक्सिकोच्या अतानासिओ एचेव्हेरिया या चित्रकाराचं. झाडाची चित्रं काढणाऱ्याचं नाव झाडाला मिळालं, ही मला सुंदर गोष्ट वाटते. त्यांतली हॅवर्थिया खानदेशातल्या घरात सगळ्यात सुखानं राहते, कारण तिला थेट ऊन नको, पूर्वेच्या खिडकीचा उजेड पुरतो. लिथॉप्स मात्र इथे अवघड. १८११ साली विल्यम बर्चेलनं आफ्रिकेत गारगोटी समजून जे उचललं ते झाड निघालं, आणि नाव पडलं लिथॉप्स, म्हणजे दगडाच्या चेहऱ्याचं. मराठीत याला कुणी दगडफूल म्हणू नये. ते नाव आपल्या मसाल्यातल्या शैवाकासाठी आधीच दिलेलं आहे.

खानदेशच्या अहिराणी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. जळगावचं जयगाव, धुळ्याचं धुये. म्हणून घोळाच्या भाजीला इथल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी ‘घोय’ ऐकू येते. घोळही मांसल पानांचीच, पावसाळ्यात पायवाटेवर उगवणारी. तिच्या बागेतल्या बहिणीची फुलं गुलाबी, पिवळी, केशरी. ती सकाळी ऊन वर आल्यावर, कचेरीच्या वेळेला उमलतात आणि दुपार कलली की मिटतात. या झाडाला लॅटिन नाव होतं, इंग्रजी नाव होतं. मराठी माणसानं मात्र स्वतः बघून तिसरंच ठेवलं: ऑफिस टाइम. दोन्ही शब्द परके, पण नाव अस्सल मराठी, कारण बघणं आपलं आहे. कुंडी सावलीत ठेवली तर हे फूल ऑफिस टाइमलाही उमलत नाही. त्याला गच्चीवर, सकाळचं पुरेपूर ऊन लागेल तिथे ठेवावं, आणि फांदीचं टोक खुडून शेजारच्या कुंडीत खोचावं. आठवडाभरात ते मूळ धरतं.